सासरच्या पूर्वजांचा माग : न्यू इंग्लंडच्या पहिल्या वसाहतकऱ्यांपर्यंत कसं पोचायचं

माझ्या सासूबाई ओहायोच्या. त्यांच्या माहेरी चामडी बांधणीचं एक जाडजूड बायबल होतं. त्याच्या मधल्या कोऱ्या पानांवर चार वेगवेगळ्या अक्षरांत जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले होते. लेकीला शाळेत वंशवृक्ष करून न्यायचा होता. माझ्या बाजूचं काम एका संध्याकाळीच झालं, कारण आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे आणि बाबांनी पानांचे फोटो काढून पाठवले. नवऱ्याच्या बाजूला मात्र पणजोबांच्या मागे कोणालाच काही सांगता येईना. म्हणून ते बायबल उघडलं. त्याला आता सहा वर्षं झाली. आज मी १६३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये उतरलेल्या माणसापर्यंत बारा पिढ्या मागे पोचले आहे.

इथे अमेरिकेत लग्न करून आलेल्यांसाठी, किंवा नातवंडांची 'ती दुसरी बाजू' शोधू पाहणाऱ्या आजी-आजोबांसाठी हे लिहिते आहे. मी चालले ती वाट न्यू इंग्लंड (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकटसारखी राज्यं), तिथून पश्चिम न्यूयॉर्क आणि मग ओहायो अशी आहे. हजारो घराणी याच वाटेने सरकली. व्हर्जिनिया-कॅरोलायनाकडच्या घराण्यांचे कागद वेगळे आणि विरळ असतात, त्यामुळे तिकडे यातलं सगळंच लागू पडणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. नावं भराभर मिळतात. 'हा याचाच मुलगा' हे दाखवणं कठीण. सगळा वेळ तिथेच जातो, आणि तो तिथेच द्यावा.

१. घरातून सुरुवात करा

इंटरनेट उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. 'तुमचे पूर्वज कोण' असं विचारलंत तर उत्तर मिळत नाही. लहानपणी सुटीत कोणाकडे राहायला जायचात, लग्नात कोण कोण आलं होतं, मे महिन्यात कोणत्या दफनभूमीत फुलं ठेवायला जायचात, असं विचारा. सासूबाईंनी या शेवटच्या प्रश्नावर जे गाव सांगितलं, त्या गावातच मला पुढच्या तीन पिढ्या मिळाल्या.

हे गोळा करा:

- जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले, निदान आजी-आजोबांपर्यंतचे
- बायबलमधली नोंदींची पानं, जुनी पत्रं, फोटोंच्या पाठीमागचं लिखाण
- वर्तमानपत्रातल्या मृत्युवार्तांची कात्रणं
- लष्करातल्या नोकरीचे आणि जमिनीचे कागद
- थडग्यांचे फोटो, शेजारच्या थडग्यांसकट

बायबल असेल तर नोंदींबरोबर मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचाही फोटो घ्या. छपाईचं वर्ष तिथे असतं. बायबल १८४५ साली छापलेलं असेल आणि १७९० पासूनचे जन्म एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेले असतील, तर ते नंतर आठवणीतून किंवा दुसरीकडून उतरवून घेतलेले आहेत. तारखा चुकीच्याच असतील असं नाही, पण त्यांचं वजन कमी धरायचं.

साधनं फार लागत नाहीत. जुन्या नोंदी शोधायच्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळाचं खातं फुकट आहे. ती संस्था सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चची आहे, पण खातं कोणालाही काढता येतं. अँसेस्ट्री या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाला पैसे पडतात, तरी बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत ते फुकट वापरता येतं, तेव्हा ग्रंथालयाचं कार्ड आधी काढा. शिवाय एक वही. कुठे शोधलं आणि काय नाही मिळालं, हेही तिच्यात लिहायचं. नाहीतर तीन महिन्यांनी तोच खंड पुन्हा चाळत बसाल.

२. एक पिढी, एक कागद, मगच पुढची पायरी

मी केलेली चूक तुम्ही करू नका. ऑनलाइन वंशवृक्षांवर आमच्या घराण्याचं नाव टाकल्याबरोबर एक तयार साखळी समोर आली, थेट इंग्लंडच्या एका जमीनदार घराण्यापर्यंत. मी ती उतरवून घेतली आणि आठ महिने तिच्या पुढचं शोधत राहिले. मग एका रात्री लक्षात आलं की साखळीतला जो माणूस १८१६ च्या सुमारास न्यूयॉर्कला गेला असं म्हटलं होतं, तो १८२० आणि १८३० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या आपल्या गावातच आहे. त्याचं मृत्युपत्रही तिथलंच. एकाच नावाचे दोन माणूस, गावं तीस मैलांवर, आणि कोणीतरी त्यांना एक केलं होतं. पुढे पन्नास जणांनी ते उतरवून घेतलं. पन्नास वृक्षांत तेच दिसतं म्हणून ते खरं ठरत नाही, कारण मुळात ते एकाच माणसाचं म्हणणं असतं.

छापील पुस्तकंही तपासून घ्यावी लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव अँजू नावाचा एक माणूस श्रीमंत अमेरिकन घराण्यांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून देत असे. त्यांत खऱ्या कागदांमध्ये खोटे मिसळलेले असत. त्या आजही ग्रंथालयांत आहेत.

म्हणून स्वतःपासून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा. प्रत्येक दुव्यासाठी त्या काळातला, शक्यतो त्या घटनेच्या वेळी लिहिलेला कागद हवा. दोन स्वतंत्र कागद जुळले तर उत्तम. घराण्यात 'तीन भाऊ जहाजातून आले' अशी गोष्ट ऐकू आली तर लिहून ठेवा, पण तिच्यावर काही उभं करू नका. ही गोष्ट इथे जवळजवळ प्रत्येक घराण्यात सांगतात.

३. जनगणना : १९५० पासून १८५० पर्यंत

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तपशील ७२ वर्षं गुप्त राहतात. १९५० ची २०२२ साली खुली झाली. तिथून मागे या.

प्रत्येक वेळचे प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांचा उपयोग करून घ्यावा. १९०० मध्ये जन्माचा महिना आणि वर्ष आहे, बाईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत हेही आहे. सासूबाईंच्या पणजीसमोर 'नऊ' आणि 'पाच' असे दोन आकडे आहेत. त्या चार मुलांची नावं शोधायला मला वर्ष लागलं, पण ती सापडली. १८९० ची जनगणना बहुतेक सगळी गेली : १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत ती जळाली आणि भिजली. त्यामुळे १८८० आणि १९०० मधल्या वीस वर्षांत जन्मून, लग्न होऊन घर सोडून गेलेल्या मुली हमखास निसटतात. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं. त्याआधी एका घरात राहणारं मूल त्या घरातलंच असेल असं धरू नका. पुतण्या असेल, कामाला ठेवलेला पोरगाही असेल.

१८५० ही पहिली जनगणना जिच्यात घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे. 'स्वतंत्र' हा शब्द नीट वाचा. गुलाम माणसांची यादी १८५० आणि १८६० मध्ये वेगळी होती. तिच्यात मालकाचं नाव आहे आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि रंग.

१७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकी सगळे वयाच्या रकान्यांतले आकडे. इथे बरेच जण थांबतात. खरं काम इथून सुरू होतं.

४. खरेदीखतं आणि मृत्युपत्रं

आपल्याकडे कोणी गेलं की वारसनोंद होते, फेरफार निघतो, आणि बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर घेतल्या जातात. ज्यांनी गावच्या जमिनीसाठी तलाठ्याकडे खेपा घातल्या आहेत, त्यांना अमेरिकेचे अठराव्या शतकातले कागद लगेच कळतील. तत्त्व तेच आहे : जमीन वाटायची म्हटली की नाती लिहावीच लागतात.

माझा दुवा असा जुळला. न्यूयॉर्कच्या १८५५ च्या राज्य जनगणनेत (ही संघराज्याच्या जनगणनेहून वेगळी) 'या गावात किती वर्षं राहता' असा रकाना आहे. आमच्या माणसापुढे ३९ लिहिलं होतं, म्हणजे तो १८१६ साली आला. त्या वर्षी न्यू इंग्लंडमध्ये उन्हाळा असा झालाच नाही, जूनमध्ये बर्फ पडलं आणि पिकं गेली. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, त्याचा तो परिणाम. बरीच कुटुंबं तेव्हा पश्चिमेकडे निघाली. मी काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) खरेदीखतांत १८१६ आणि १८१७ शोधलं. नव्या गावातल्या पहिल्या खरेदीखतात घेणारा कुठला राहणारा हे पुष्कळदा जुन्या गावानिशी लिहिलेलं असतं. तसंच निघालं : मॅसॅच्युसेट्सच्या फ्रँकलिन काउंटीतलं एक गाव.

त्या गावात त्याच्या आडनावाची चार घरं. वडील कोणते? मृत्युपत्र नव्हतंच. उत्तर मिळालं ते त्या काउंटीच्या मुख्य गावी, ग्रीनफिल्डला, एका हक्कसोडपत्रात. नवरा गेल्यावर विधवेला जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता मिळे. ही विधवा १८१९ मध्ये गेली, आणि तो हिस्सा धाकट्या मुलाच्या नावे करायला सगळ्या भावंडांनी सही केली. एक भाऊ 'न्यूयॉर्क राज्यातला, जेनेसी काउंटीचा राहणारा'. तीन बहिणी, प्रत्येकीच्या नवऱ्याच्या नावासकट. सगळ्यांत धाकट्या बहिणीला सही करता येत नव्हती. तिच्या नावाच्या मध्ये एक लहान, थरथरत्या हाताने काढलेली फुली आहे आणि शाई तिथे जरा पसरली आहे. मी तो कागद किती तरी वेळ पाहत बसले होते.

बायका कागदांत सापडत नाहीत असं म्हणतात. आमच्या कुलवृत्तांतातही मुलींपुढे नुसती रेघ आहे. पण खतं आणि वाटणीपत्रं वाचलीत तर त्या भेटतात. नवऱ्याने जमीन विकली की बायको आपला विधवेचा हक्क सोडल्याची सही करते, ती सही बघत चला.

लक्षात ठेवायचं ते हे :

*काउंटीच्या सीमा बदलत राहिल्या.* फ्रँकलिन काउंटी १८११ साली हॅम्पशायर काउंटीतून निघाली. त्याआधीचे मृत्युपत्रांचे कागद हॅम्पशायरच्या मुख्य गावी, नॉर्थॅम्प्टनला शोधायचे. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने प्रत्येक काउंटीच्या सीमा तारखेनुसार दाखवणारे नकाशे फुकट ठेवले आहेत. मेन राज्य १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचा भाग होतं हेही विसरू नका. कनेक्टिकट, व्हरमाँट आणि ऱ्होड आयलंडमध्ये खतं काउंटीत नव्हे, गावात ठेवतात.

*पालक नेमला म्हणजे आई-वडील दोघंही गेले असं नाही.* वडील गेले की आई हयात असतानाही न्यायालय मुलांसाठी पालक नेमत असे. चौदा वर्षांवरचं मूल आपला पालक स्वतः निवडे, त्यामुळे मुलांच्या वयाचा अंदाज फुकटात मिळतो.

*मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे मूल नाही असं नाही.* त्याला त्याचा वाटा आधीच दिलेला असू शकतो. मृत्युपत्र नसेल तर मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे, म्हणून वाटणीतल्या आकड्यांवरून थोरला कोण हे कळतं.

*नात्यांचे शब्द जपून वाचा.* त्या काळी 'मदर-इन-लॉ' म्हणजे सावत्र आईही असे, 'कझिन' म्हणजे पुतण्या-भाचाही. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बाप-लेकच असतील असं नाही. एका गावात एका नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर, मग ते काका-पुतणे असोत की परके. थोरला वारला की ज्युनियरचा सीनियर होई, आणि कागदात तो एकदम दुसराच माणूस वाटू लागे.

हस्ताक्षराची भीती बाळगू नका. मोडी शिकताना करतात तसंच करावं, म्हणजे ओळखीच्या मजकुरापासून सुरुवात. खतांची सुरुवातीची वाक्यं ठरलेली असतात, त्यांवरून लेखनिकाची अक्षरं बसवून घ्या. 'एस'साठी 'एफ'सारखं लांब अक्षर येतं. २०२४ पासून फॅमिलीसर्चवर यंत्राने वाचलेल्या खतांमध्ये आणि मृत्युपत्रांमध्ये थेट शब्द शोधता येतात. साक्षीदार म्हणून आलेलं नावही त्यात सापडतं, जे जुन्या सूच्यांत कधीच नव्हतं. काही चित्रं मात्र घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं.

या कागदांत मन जड करणारंही भेटतं. अठराव्या शतकातल्या एका पूर्वजाच्या मालमत्तेच्या यादीत पलंग, नांगर, दोन गाई आणि त्यांच्यामध्ये एक काळी स्त्री आहे. फक्त पहिलं नाव आणि पौंडांतली किंमत. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८० च्या दशकापर्यंत गुलामगिरी होती. आणि जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या वाटली गेली ती त्या भागातल्या पोकमटक या मूलनिवासी लोकांची होती. मी दोन्ही गोष्टी लेकीच्या वंशवृक्षाबरोबर लिहून ठेवल्या आहेत. त्या स्त्रीचं नाव जसंच्या तसं उतरवा आणि त्या गावाच्या ऐतिहासिक संस्थेला कळवा, कारण तिचे वंशज शोधत असतील तर त्यांच्यासाठी हा एकच कागद असू शकतो.

५. स्वातंत्र्ययुद्धाची पेन्शन फाईल

१७५० ते १७६५ च्या दरम्यान जन्मलेला पुरुष तुमच्या साखळीत असेल तर ही फाईल शोधाच. १८३२ च्या कायद्याने अर्जदाराला न्यायालयात उभं राहून ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत : जन्म कुठे आणि कोणत्या साली, वयाची नोंद कुठे आहे, भरती झालात तेव्हा कुठे राहत होतात, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात. एका म्हाताऱ्या सैनिकाच्या तोंडून त्याचा सगळा प्रवास. १८३६ पासून विधवांनाही पेन्शन मिळू लागली. त्यांना लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली. ती पानं आजही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

फाईलच्या क्रमांकाआधी 'एस' असेल तर सैनिक, 'डब्ल्यू' असेल तर विधवा, 'आर' असेल तर नाकारलेला अर्ज. नाकारलेला म्हणून सोडू नका. पुरावा पुन्हा पुन्हा मागितल्यामुळे तीच फाईल जास्त जाड असते.

६. गावाच्या वह्या आणि जुनी तारीख

न्यू इंग्लंडच्या गावांनी सतराव्या शतकापासून जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवले. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी छापून आल्या आहेत, पण शक्य तिथे मूळ वहीचं चित्र पाहा. छापताना नावं वर्णानुक्रमे लावली, त्यामुळे वहीत एका पानावर असलेलं कुटुंब विखुरलं. लग्नाचा 'इरादा' जाहीर केल्याची नोंद म्हणजे लग्न नव्हे. काही इरादे इराद्यापाशीच थांबले. आणि एका मुलाचं नाव दोनदा आलं तर घोटाळा समजू नका. पहिलं मूल गेलं की त्याचं नाव पुढच्याला देण्याची रीत होती.

तारखांचं आपल्याला लवकर कळेल, कारण शक आणि इसवी सन असे दोन हिशेब आपण रोजच्या कालनिर्णयावर पाहतो. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, साधारण आपल्या पाडव्याच्या आसपास. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि बहुतेक मार्च हे जुन्या वर्षात धरले जात. डिअरफील्ड गावावर फ्रेंच आणि त्यांच्या मूलनिवासी साथीदारांनी हल्ला करून ११२ माणसं धरून नेली, ती तारीख २९ फेब्रुवारी १७०३/४ अशी लिहिलेली सापडते. आपल्या हिशेबाने ते १७०४. अशी जोडतारीख दिसली तर तशीच उतरवा, स्वतः 'दुरुस्त' करू नका. 'पहिला महिना' म्हणजे मार्च आणि 'दहावा' म्हणजे डिसेंबर. हे न कळल्यामुळे लग्नाआधी मूल झालेलं दिसतं आणि उगाच कोणाच्या तरी नावाला बट्टा लागतो.

७. जहाजातून उतरलेला माणूस

१६२० ते १६४० या वीस वर्षांत सुमारे २०,००० इंग्रज न्यू इंग्लंडमध्ये आले. प्रवाशांच्या याद्या ठेवण्याची सक्ती १८२० पासूनची आहे, त्यामुळे जहाजाचं नाव मिळेलच अशी आशा धरू नका. बॉस्टनची न्यू इंग्लंड वंशेतिहास संस्था १८४५ पासून आहे. या वीस वर्षांत आलेल्या प्रत्येकाचे कागद तपासून माहिती छापण्याचं काम तिथे १९८८ पासून चालू आहे. इथवर आलात की सगळ्यात आधी ते पाहा. १६२० साली आलेल्या 'मेफ्लॉवर' या जहाजावर फक्त १०२ प्रवासी होते आणि पहिल्या हिवाळ्यात निम्मे गेले. ज्यांचे वंशज झाले त्यांच्या पहिल्या पाच पिढ्या त्या वंशजांच्या संस्थेने पुराव्यासह छापल्या आहेत, म्हणजे तुम्हाला सहाव्या पिढीपर्यंतच पोचायचं असतं.

इंग्लंडमधलं मूळ गाव नावसाधर्म्यावर ठरवू नका. आडनावावरून विकलं जाणारं घराण्याचं मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) तर घेऊच नका.

८. डीएनए

चार-पाच पिढ्यांपर्यंतची शंका फेडायला चांगलं. आठ-दहा पिढ्यांपलीकडच्या एखाद्या पूर्वजाचा एकही तुकडा तुमच्यात आलेला नसू शकतो, त्यामुळे वसाहतकाळासाठी त्यावर भिस्त ठेवू नये. बाप-लेक अशा सरळ पुरुषसाखळीतला वाय-डीएनए मात्र एकाच आडनावाची दोन घराणी वेगळी आहेत का ते सांगतो. आमच्या त्या तीस मैलांवरच्या दोन नावबंधूंचा निकाल शेवटी त्यानेच पक्का झाला. चाचणी करण्याआधी घरातल्यांना विचारा. कधी कधी त्यातून आजच्या पिढीबद्दलच काहीतरी निघतं.

माझं अजून संपलेलं नाही. १६३० च्या दशकात आलेल्या त्या माणसाच्या बायकोचं पहिलं नाव तीन कागदांत आहे, माहेरचं आडनाव एकातही नाही. तिच्या भावाचं असावं असं वाटणारं एक मृत्युपत्र इंग्लंडमधल्या सफोकच्या अभिलेखागारात आहे. त्याची प्रत मागवली आहे.